आर्टेटाला मोजायचं कशानं?

‘यंदा लीग जिंकली नाही तर आर्टेटाला घालवा.’ सोलापुरात लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचे चाहते जिथं म्हणून भेटतात, मग ते जुळे सोलापुरातलं टर्फ असो की रात्री अकरानंतरची विजापूर वेस, तिथं हे वाक्य सध्या सिद्ध झालेल्या प्रमेयासारखं फेकलं जातं. समोरून तितक्याच ठामपणे उत्तर येतं, ‘चालू दे बे, प्रोसेसवर विश्वास ठेव.’ म्हणजे संघ हळूहळू बांधला जातो आहे, वेळ द्या. रविवारी, १७ ऑगस्ट २०२५ ला, आपल्याकडे रात्री नऊ वाजता ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध आर्सेनलचा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला २०२५-२६ चा हंगाम सुरू होतो आहे. तोवर हे दोन पक्ष असेच एकमेकांच्या अंगावर जात राहणार. माझ्या मते दोघंही चुकीचं भांडण भांडताहेत. पहिला पक्ष मॅनेजरला क्रमांकानं मोजतो आणि दुसरा त्याला मोजायलाच तयार नाही. आर्सेनलचा मॅनेजर मिकेल आर्टेटा राहावा, यंदा पुन्हा दुसरा क्रमांक आला तरी राहावा, असं माझं मत आहे. मात्र त्याच्या संघातली एक गोष्ट यंदा बदलली नाही, तर त्याला वाचवणारी कुठलीही सबब मी ऐकून घेणार नाही. ती गोष्ट कोणती, ते सांगण्याआधी विरोधकांचं म्हणणं पूर्ण ताकदीनं मांडायला हवं, कारण ते पोकळ नाही.

आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आला. साडेपाच वर्षं झाली. एवढ्या काळात मोठा करंडक एकच, २०२० चा एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा), तोही बहुतांशी आधीच्या मॅनेजरांनी जमवलेल्या खेळाडूंच्या बळावर आणि रिकाम्या वेम्ब्लीत. पैशाची ददात नाही; एकट्या डेक्लन राइससाठी १० कोटी पौंड मोजले गेले. लीगमध्ये सलग तीन वर्षं दुसरा क्रमांक. पहिल्या दोन वर्षांत समोर पेप गार्डिओलाची मँचेस्टर सिटी होती, हे समजण्यासारखं आहे. पण गेल्या हंगामात सिटी स्वतःहून बाजूला झाली. त्यांच्या मधल्या फळीचा आधार असलेल्या रॉड्रीचा गुडघा सप्टेंबरमध्येच गेला, तोही आर्सेनलविरुद्धच्याच सामन्यात, आणि चार वर्षं सलग जिंकलेला तो संघ ७१ गुणांवर तिसरा आला. दार असं सताड उघडं पडलेलं असताना आत कोण शिरलं? लिव्हरपूलचा मॅनेजर आर्ने स्लॉट, ज्याचा इंग्लंडमधला तो पहिलाच हंगाम होता. त्या उन्हाळ्यात त्याच्या संघात प्रत्यक्ष दाखल झालेला नवा खेळाडू एकच, फेडेरिको किएसा, आणि तोही वर्षभर बहुतेक बाकावर बसून राहिला. उलट आर्सेनल ८९ गुणांवरून ७४ वर घसरलं. लीग कपच्या उपांत्य फेरीत न्यूकॅसलकडून दोन्ही सामने २-० असे गेले. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिदला घरी आणि दारी हरवलं, हे खरं. पण उपांत्य फेरीत पॅरिसच्या पीएसजी क्लबनं दोन्ही सामने जिंकून परत पाठवलं. आता याहून आणखी किती वेळ द्यायचा, हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही.

तरीही क्रमांकानं मोजायची पद्धत फसवी आहे आणि ती का फसवी आहे हे आर्सेनलच्याच आकड्यांत दिसतं. २०२२-२३ मध्ये आर्सेनलनं ८४ गुण मिळवले आणि दुसरं आलं. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलनं बरोबर ८४ गुण मिळवले आणि ते विजेते ठरले. २०२३-२४ मध्ये आर्टेटाच्या संघाचे ८९ गुण झाले आणि करंडक मँचेस्टर सिटीकडे गेला. आर्सेनलचा जुना मॅनेजर आर्सेन वेंगर याच्या २००३-०४ च्या, एकही सामना न हरलेल्या संघाचे गुण होते ९०. त्या संघाच्या नावानं आजही शपथा घातल्या जातात आणि त्याच्याहून एक गुण कमी मिळवणारा आर्टेटा ‘हरणारा’ ठरतो. दोन हंगामांची स्पर्धा सारखी नव्हती हे मान्य. पण मग मोजायचं ते तुमचं काम की शेजाऱ्याचं? क्रमांक शेजाऱ्यावर अवलंबून असतो. आपल्या हातात फक्त गुण असतात.

इथं विरोधक लगेच म्हणतील, आणि त्यांनी म्हणायलाच हवं, की मग ७४ गुण कुणाच्या हातात होते? अगदी बरोबर. ते आर्टेटाचेच. म्हणून ते जरा उलगडून बघू, कारण या वादात हेच काम कुणी करत नाही. लिव्हरपूल गेल्या हंगामात किती सामने हरलं? चार. आर्सेनल किती हरलं? तेही चारच. मग दहा गुणांचं अंतर आलं कुठून? लिव्हरपूलनं २५ जिंकले आणि ९ बरोबरीत सोडवले. आर्सेनलनं २० जिंकले आणि १४ बरोबरीत सोडवले. पाच बरोबऱ्या विजयात बदलल्या असत्या की हिशेब सरळ होतो: प्रत्येकीमागे दोन जादा गुण, पाच दुणे दहा. याच संघानं त्याआधीच्या वर्षी २८ जिंकले होते, ५ बरोबरीत आणि ५ पराभव. त्याच्या आधी सहा पराभव. म्हणजे दरवर्षी हरणं एकेकानं कमी होत गेलं आणि गेल्या वर्षी जिंकणंही एकदम आठनं कमी झालं. गोल ९१ वरून ६९ वर आले. बचाव मात्र ३४ गोलांसह लीगमधला सर्वांत घट्ट. लीगमध्ये दोन आकडी गोल करणारा एकही खेळाडू नाही. सर्वाधिक नऊ, ते काई हावर्ट्झचे. लिव्हरपूलच्या एकट्या मोहम्मद सलाहचे २९. आर्टेटाचा संघ हरायला शिकवलेला नाही, हे खरं आहे. त्याला हरायची भीती मात्र शिकवली गेली आहे का, हा खरा प्रश्न आहे, आणि ‘घालवा’ व ‘ठेवा’ या आरडाओरड्यात तो कुणी विचारत नाही.

दुखापतींची आणि लाल कार्डांची सबब मला अर्धीच पटते. पहिल्या आठ सामन्यांत राइस, ट्रोसार्ड आणि सलिबा असे तिघं बाहेर काढले गेले. ब्रायटनविरुद्ध दहा जणांनी बरोबरी, सिटीच्या मैदानावर दहा जणांनी पूर्ण उत्तरार्ध लढून भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला २-२, बोर्नमथमध्ये पराभव. कप्तान ओडेगार्डचा घोटा गेला, उजव्या बाजूचा आक्रमक साका नाताळाआधी बसला तो एप्रिल उजाडेपर्यंत, गॅब्रिएल जेझुसचा गुडघा जानेवारीत, हावर्ट्झची मांडी फेब्रुवारीत. शेवटी मधल्या फळीतला मेरिनो स्ट्रायकर म्हणून उभा राहिला आणि लेस्टरविरुद्ध बदली म्हणून येऊन दोन गोल मारून गेला. हे सगळं खरं. पण संघात खराखुरा स्ट्रायकर नाही हे २०२४ च्या उन्हाळ्यात अख्ख्या जगाला दिसत होतं. जेझुस आणि हावर्ट्झ यांच्यावर पूर्ण हंगाम काढायचा हा निर्णय नशिबानं लादलेला नव्हता. खरेदीच्या टेबलावर आर्टेटाचा आवाज मोठा असतो. क्रीडा संचालक एडू नोव्हेंबरमध्ये सोडून गेला आणि आंद्रेआ बेर्टा मार्चमध्ये आला, मधल्या जानेवारीत खेळाडू-खरेदीची खिडकी उघडली तेव्हा काहीच घडलं नाही. यात मालकांचा आणि संचालकांचा वाटा आहेच, पण मॅनेजरचा वाटा शून्य धरणं म्हणजे त्याला लहान मूल समजणं. आणि घरच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाविरुद्ध २-० असताना २-२ झालं, तेव्हा मैदानावर अकराच्या अकरा जण होते.

‘स्लॉट बघा’ हा युक्तिवाद सर्वांत जोरात येतो आणि माझ्या मते तो सर्वांत लवकर उलटतो. स्लॉटनं जिंकलं ते कुणाच्या संघानं? आधीच्या मॅनेजरच्या, युर्गन क्लॉपच्या. क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये आला. २०१८-१९ मध्ये त्याच्या संघानं ९७ गुण मिळवले आणि ९८ मिळवणाऱ्या सिटीमागे दुसरा राहिला. त्या दिवशी ‘एवढे गुण मिळवूनही याला लीग जिंकता येत नाही’ म्हणत त्याला निरोप दिला असता तर? पुढच्याच वर्षी तीस वर्षांनी लीग लिव्हरपूलच्या मैदानावर, ॲनफिल्डला आली. क्लॉप २०२४ मध्ये गेला तो स्वतःच्या मर्जीनं, आणि मागे ठेवून गेला धावायला, दाबायला, जिंकायला शिकलेला तयार संघ. स्लॉटचं श्रेय मी कमी करत नाही. आयती मिळालेली गाडी दरीत घालणारे मॅनेजरही आपण पाहिलेत. पण स्लॉटच्या विजयातून ‘मॅनेजर बदला की करंडक येतो’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे सुनेनं केलेल्या पुरणपोळीचं श्रेय दाराच्या नव्या तोरणाला देण्यासारखं आहे.

चेल्सीचा युक्तिवाद मात्र खरोखर अवघड आहे आणि आश्चर्य म्हणजे सोलापुरात तो फारसा कुणी मांडत नाही. तेव्हाचा मालक रोमान अब्रामोविच यानं मॅनेजर सदऱ्यासारखे बदलले आणि तरी २००५, २००६, २०१०, २०१५ आणि २०१७ अशा पाच लीग जिंकल्या. २०१० मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही देणाऱ्या कार्लो अँचेलोटीला पुढच्या वर्षी दुसरा आला म्हणून घरी पाठवलं, आणि त्यानंतरच्या वर्षी हंगामाच्या मध्यात आलेल्या दि मात्तेओनं चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. २०२१ मध्ये तेच. जानेवारीत लँपार्ड गेला, टुखेल आला, मे महिन्यात युरोपचा करंडक. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाला शिक्षा केली आणि फळ मिळालं, असं उदाहरण हवं तर ते इथं आहे. पण त्यातल्या बहुतेक काळात चेल्सीत न बदललेलं काय होतं ते बघा. चेक, टेरी, लँपार्ड, द्रोग्बा. मॅनेजर येवो की जावो, कपडे बदलायच्या खोलीत वर्षानुवर्षं तीच माणसं आणि मागे तळ न लागणारी मालकाची तिजोरी. सातत्य होतंच, फक्त ते मॅनेजरच्या खुर्चीत नव्हतं. मालक बदलले, जुनी माणसं गेली आणि बदलायची सवय तेवढी उरली, तेव्हा २०२२-२३ मध्ये एकाच हंगामात टुखेल, पॉटर आणि पुन्हा लँपार्ड अशी वरात निघाली आणि संघ बारावा आला. आर्सेनलमध्ये आज सातत्य ज्या खुर्चीत आहे ती हीच. ती मोडायची तर जागी काय ठेवणार, याचं उत्तर ‘घालवा’वाल्यांकडं नाही. नाव विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

‘करंडक नाही तर निरोप’ ही कसोटी तर करंडक जिंकणाऱ्यांनाही लागू पडलेली नाही. मँचेस्टर युनायटेडनं २०१६ मध्ये लुई व्हॅन गालला एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत काढलं. २०२४ मध्ये नेमकं उलटं केलं: एरिक टेन हागनं एफए कप जिंकला, म्हणून त्याला ठेवलं, वर करार वाढवून दिला आणि ऑक्टोबरमध्ये घालवलं. हंगाम संपला तेव्हा संघ पंधरावा होता, ४२ गुण. एका शनिवारच्या नव्वद मिनिटांवर अख्ख्या वर्षाचा निर्णय टांगला की असं होतं. यंदा मे महिन्यात टॉटनहॅमच्या पोस्टेकोग्लूनं युरोपा लीग जिंकली, क्लबची सतरा वर्षांची कोरड संपवली, आणि जूनमध्ये त्याला नारळ मिळाला, कारण लीगमध्ये संघ सतरावा होता. टॉटनहॅमचा तो निर्णय कठोर होता, पण निदान त्यांनी करंडकापलीकडं बघितलं. आर्सेनलवाले त्यांना हसतात. हसणारे पुढच्या वाक्यात म्हणतात, आर्टेटानं एखादा कप तरी आणावा. मग नक्की हवं काय आहे?

आपल्याला हे क्रिकेटमध्ये कळतं आणि फुटबॉलमध्ये कळत नाही, हे मला कोडं वाटतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला सलग दहा सामने जिंकून आलेला भारतीय संघ अहमदाबादेत हरला. राहुल द्रविड प्रशिक्षक होता. २००७ च्या विश्वचषकात वेस्ट इंडिजमधून पहिल्याच फेरीत परतणाऱ्या संघाचा कर्णधारही तोच. ‘द्रविडला मोठं जिंकता येत नाही’ हे म्हणायला याहून भक्कम पुरावा काय हवा होता? त्याला ठेवलं. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि भारत ७ धावांनी जिंकला. शेवटच्या षटकात सूर्यकुमारचा पाय सीमारेषेला लागला असता तर द्रविड नालायक ठरला असता का? मात्र या उदाहरणाची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर मी फसवतो आहे असं होईल. बाद फेरीत नशीब मोठं असतं. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये ते बरंचसं धुऊन निघतं. म्हणून ‘अंतिम सामन्यात नशीब आडवं आलं’ ही सबब द्रविडला शोभते, चौदा बरोबऱ्यांना शोभत नाही.

आता ‘प्रोसेस’वाल्यांकडं. यांचा लाडका पुरावा म्हणजे मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन: १९८६ मध्ये आला, पहिला करंडक १९९० मध्ये, पहिली लीग १९९३ मध्ये. उदाहरण खरं आहे आणि निरुपयोगीही. वेळ मिळालेल्यांपैकी जो फर्ग्युसन झाला तो आपल्या लक्षात राहिला. वेळ मिळूनही काहीच न झालेल्यांची नावं कोण ठेवतो? संयमाचं फळ मिळालेल्यांचीच यादी केली की संयम हा नेहमीच शहाणपणा वाटतो. त्यांना आर्सेनलच्याच घरचं उदाहरण हवं असेल तर ते फर्ग्युसनपेक्षा चांगलं आहे. वेंगरचा संघ १९९९, २००० आणि २००१ असा सलग तीनदा दुसरा आला. पहिल्यांदा एका गुणानं, मग अठरा, मग दहा. चौथ्या वर्षी, २००२ मध्ये, लीग आणि एफए कप दोन्ही आले, आणि लीगवर शिक्का बसला तो ओल्ड ट्रॅफर्डवर. आर्टेटाची तीन वर्षं आणि ही चार वर्षं शेजारी ठेवा, कुणाचाही ऊर भरून येईल. पण गोष्ट अर्धी सांगायची नाही. वेंगरच्या खिशात १९९८ चा दुहेरी मुकुट आधीच होता. आर्टेटाच्या खिशात नाही. शिवाय त्याच वेंगरवरचा विश्वास २००४ नंतर आणखी चौदा वर्षं चालला, लीग पुन्हा आली नाही, आणि शेवटी रिकाम्या खुर्च्यांनी त्याला जे सांगितलं ते क्लबनं दहा वर्षं आधी सांगायला हवं होतं. संयम एका माणसाच्या बाबतीत २००१ मध्ये शहाणपणा होता आणि २०११ मध्ये आळस. फरक मोजल्याशिवाय कसा कळणार?

म्हणून क्रम बघायचा. पराभवानंतर घर कसं बांधलं जातं याचं मराठी माणसाला जवळचं उदाहरण म्हणजे थोरले माधवराव. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे व्हायचं ते झालं, आणि आपण आजतागायत भाऊसाहेब हत्तीवरून उतरले म्हणून हरलो की मल्हारराव निघून गेले म्हणून, यावर भांडतो आहोत; रसद आणि मित्र दोन्ही संपले होते याकडं डोळेझाक करून. सोळाव्या वर्षी पेशवा झालेल्या माधवरावानं लगेच उत्तरेत घोडी दामटली नाहीत. आधी निजाम, १७६३ ला राक्षसभुवन. मग घरचा कलह, १७६८ ला धोडपला रघुनाथरावांचा बंदोबस्त. आणि १७७१ मध्ये महादजी दिल्लीत. आर्टेटानंही घर आधी आवरलं. २०२० चा एफए कप ज्याच्या दोन गोलांनी आला त्या ओबामेयांगची कप्तानी शिस्तीपायी डिसेंबर २०२१ मध्ये काढून घेतली आणि दोन महिन्यांत त्याला वाटेला लावलं. त्याआधी ओझिल गेला होता. (ओबामेयांगला राघोबादादा म्हणणं जरा जास्तच होईल, पण मोह आवरत नाही.) मग बचाव बांधला, सलिबा आणि गाब्रिएल. मग मधली फळी, ओडेगार्ड आणि राइस. आठवा, आठवा, पाचवा, दुसरा; या क्रमात योजना आहे. आता उरली आहे ती दिल्ली, म्हणजे गोल. आणि तिथं नुसतं क्रमानं जाऊन भागत नाही, चढाई करावी लागते.

या उन्हाळ्यात चढाईचं सामान आलं आहे. पोर्तुगालच्या लीगमध्ये गेल्या हंगामात ३९ गोल मारणारा व्हिक्टर ग्योकेरेस, उजव्या बाजूला साकाला श्वास घेऊ देणारा नोनी मडुएके, मधल्या फळीत चेंडू पुढं सरकवणारा मार्टिन झुबिमेंडी. बाकावर नॉरगार्ड आणि मोस्केरा आल्यानं दोन दुखापतींत कोसळणारा गेल्या वर्षीचा संघ आता राहिलेला नाही. ग्योकेरेसबद्दल मी डोळे झाकून नाचणार नाही. डार्विन नुन्येझही पोर्तुगालमध्येच २६ गोल मारून लिव्हरपूलला आला होता. तीन हंगामांत लीगमध्ये नऊ, अकरा, पाच, आणि २०२५ मध्ये सौदी अरेबियात गेला. पोर्तुगालमधले बचावपटू जी जागा देतात ती इंग्लंडमध्ये बर्नलीही देणार नाही. पण ग्योकेरेसनं निव्वळ पंधरा मारले तरी एक गोष्ट घडते: प्रतिस्पर्ध्याचे दोन मधले बचावपटू त्याला चिकटतात आणि साका-ओडेगार्डपुढं जागा मोकळी होते. जागा मोकळी झाल्यावर आर्टेटा तीत माणसं पाठवतो की १-० झालं म्हणून साठाव्या मिनिटाला आणखी एक बचावपटू उतरवतो, हे बघायचं. माझी कसोटी ती आहे. तो कॉर्नरवर जितका विचार करतो, आणि कॉर्नर-फ्रीकिकचा प्रशिक्षक निकोलस जोव्हर याच्या मदतीनं त्यानं कॉर्नरला शास्त्र केलं आहे, त्याच्या अर्धा विचार त्यानं दुसरा गोल कसा मारायचा यावर केला तरी चौदा बरोबऱ्यांतल्या निम्म्या गळतील.

‘सोलापूरकरांना उत्तर लंडनच्या क्लबशी काय देणंघेणं?’ असं विचारणारेही भेटतात, आणि त्यातले बरेच जण स्वतः भर दुपारी पार्क मैदानावर सिडनी कसोटीचा स्कोअर विचारत असतात. बरं, आपल्याच फुटबॉलकडं वळू. महासंघ आणि आयोजक कंपनीतला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, पुढचा ठरला नव्हता, म्हणून आपली मुख्य लीग, इंडियन सुपर लीग (आयएसएल), जुलै २०२५ पासून अधांतरी होती. राष्ट्रीय संघानं गेल्या वर्षी स्टिमाचला काढलं, त्याच्या जागी आलेला मार्केझ जूनमध्ये हाँगकाँगकडून हरल्यावर गेला आणि १ ऑगस्टला खालिद जमील आला. जमील गुणी आहे. २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यानं आय-लीग जिंकून दिली होती. पण लीगच नसेल तर तो खेळाडू आणणार कुठून? कोल्हापुरात तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, तिथला अनिकेत जाधव २०१७ ला भारताकडून सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. ते कुठल्या एका प्रशिक्षकामुळं झालं नाही, पिढ्यान्‌पिढ्या पेठापेठांत चेंडू लाथाडला गेला म्हणून झालं. उजनी भरूनही वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरणाऱ्या शहराला तरी हे समजावून सांगायला लागू नये. साहेब बदलले की दर वेळी आपण हंडे घासून ठेवले, आणि अडचण जलवाहिनीत होती.

तर यंदाचं काय? लिव्हरपूलनं विर्ट्झ, एकिटिके, फ्रिमपाँग आणि केर्केझ घेतले आहेत. ते कागदावर पुढं आहेत. पण ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड आणि लुइस दियाझ गेले आहेत, आणि दियोगो जोटाच्या अपघाती मृत्यूनंतर तो संघ कुठल्या मनानं मैदानात उतरेल हे कुठल्या तक्त्यात मांडता येत नाही. सिटीकडं रॉड्री परत येतो आहे. चेल्सी नुकतीच पॅरिसला ३-० नं हरवून क्लब विश्वविजेती झाली आहे. आर्सेनलच्या पहिल्या सहा सामन्यांतले चार म्हणजे ओल्ड ट्रॅफर्ड, ॲनफिल्ड, घरी सिटी आणि न्यूकॅसलमध्ये न्यूकॅसल. सप्टेंबर संपेपर्यंत यातून नऊ-दहा गुणच मिळाले तर ‘घालवा’चा जप पुन्हा सुरू होईल. त्याकडं लक्ष देऊ नये. एवढ्या कठीण वाटेवर गुण सांडणारच. लक्ष द्यायचं ते ॲनफिल्डवर ०-० असताना सत्तराव्या मिनिटाला बाकावरून कोण उठतं याकडं. आणि नंतर, वर्ष संपताना पहिल्या एकोणीस सामन्यांचा हिशेब मांडायचा. सहापेक्षा जास्त बरोबऱ्या निघाल्या, आणि त्यातल्या काही घरी आघाडी घेऊन घालवलेल्या असल्या, तर साडेपाच वर्षांनंतरही या माणसाला जिंकण्यापेक्षा न हरणं प्यारं आहे असं मी धरेन, आणि मग पुढच्या उन्हाळ्यात नवं नाव शोधायला माझी हरकत नसेल. तेव्हा आर्सेनल पहिल्या क्रमांकावर असलं तरी.

तसं होणार नाही असा माझा अंदाज आहे. २६ विजय, ७ बरोबऱ्या, ५ पराभव, गुण ८५. पराभव गेल्या वर्षीपेक्षा एक जास्त, आणि तो मला हवाच आहे. लिव्हरपूलनं ८६ केले तर लीग त्यांची, आणि आर्टेटाचा २०२७ पर्यंतचा करार जिथं आहे तिथंच राहू द्यावा.